पंचरंगी सामन्यांचा प्रेक्षक आणि वर्ध्याचा सल्ला

१९४० सालच्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत मुंबईच्या हिंदु जिमखान्याची कांहीं प्रतिष्ठित मंडळी वर्ध्यास आली. वर्ध्याच्या स्टेशनावर त्या काळीं उतरणारा पाहुणा बहुधा राजकारणाचें काम घेऊन येई. या मंडळींचें काम मात्र निराळें होतें. यंदाचे पंचरंगी क्रिकेटचे सामने खेळावे कीं न खेळावे, एवढेंच त्यांना गांधीजींस विचारावयाचें होतें.

वरवर पाहतां प्रश्न क्षुल्लक वाटेल. वैयक्तिक सत्याग्रह सुरू होऊन पुरते दोन महिनेहि झाले नव्हते. १७ ऑक्टोबर रोजीं वर्ध्यापासून जवळच असलेल्या पवनार येथें विनोबा भावे यांनीं पहिले सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केलें, आणि चारच दिवसांनीं त्यांना अटक झाली. मागोमाग जवाहरलाल नेहरूंस चार वर्षांची शिक्षा ठोठावण्यांत आली. तिकडे लंडन शहरावर रात्रींमागून रात्रीं बाँब पडत होते. अशा वेळीं चेंडूफळीची ती काय मातब्बरी? परंतु मुंबईच्या चाळींत आणि बंगल्यांत, कचेऱ्यांत आणि कॉलेजांत, हाच प्रश्न मोठ्या तळमळीनें चर्चिला जात होता. कारण हे सामने खेळणारे फार तर पन्नाससाठ असत. पाहणारे हजारों, आणि वर्षभर त्यांची वाट पाहणारे त्याहूनहि अधिक.

या सामन्यांची परंपरा जुनी. १८९२ पासून मुंबई इलाख्यांत युरोपियन आणि पारशी यांचे सामने नियमानें होऊं लागले. १९०७ सालीं हिंदु संघ त्यांत आला व सामने तिरंगी झाले. १९१२ सालीं मुसलमान संघ आला व ते चौरंगी झाले. हरला तो बाहेर पडला आणि जिंकला तो पुढें गेला, अशी रचना असल्यामुळें अखेरच्या सामन्यापर्यंत उत्कंठा चढत जाई. बाँबे जिमखान्याचें मैदान हें रणांगण. त्या जिमखान्याचें सभासदत्व हिंदी माणसाला नव्हतें. सामना पाहण्यास मात्र मज्जाव नव्हता. ज्याच्या खिशांत पैसे, तो तंबूखालीं खुर्चीवर बसे. ज्याच्या खिशांत नाहींत, तो मैदानाच्या कडेच्या झाडावर चढे. आणि चेंडू कोठें पडला हें झाडावरच्यालाच आधीं दिसत असे, ही गोष्ट खुर्चीवाले सहसा कबूल करीत नसत.

या प्रेक्षकानें जें जें पाहिलें, त्यांत दोन गोष्टी विशेष सांगण्याजोग्या आहेत.

पहिली पालवणकर बंधूंची. बाळू पालवणकर हे चांभार जातीचे. डावखुरे, अचूक टप्प्याचे गोलंदाज. पुण्याच्या ज्या क्लबाकडून ते खेळत, तेथील सवर्ण खेळाडू मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू घेत. चहाच्या वेळीं मात्र त्यांना बाहेर, निराळ्या मातीच्या पात्रांत चहा मिळे. १९०६ सालीं हिंदु संघानें युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, तेव्हां बाळू त्या संघांत होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. इतकें करूनहि हिंदु संघाचें नायकत्व त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालें, आणि त्या वर्षीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकतांच लोकांनीं विठ्ठलांना खांद्यावर घेतलें. येथें वर्ध्याची आठवण होणें अपरिहार्य आहे. जमनालाल बजाज यांनीं वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलें केलें तें १९२८ सालीं, म्हणजे त्या विजयानंतर पांच वर्षांनीं. ज्यांनीं विठ्ठलांना उचललें, त्यांतील कित्येकांच्या घरीं त्यांना उंबऱ्याच्या आंत घेतलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे. तरी खांदा दिला तो दिला.

दुसरी गोष्ट कर्नल नायडूंची. कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म १८९५ सालीं नागपुरास झाला, आणि तेथेंच ते क्रिकेट शिकले. पुढें होळकर सरकारच्या चाकरींत इंदुरास गेले. १९२६ सालीं आर्थर गिलिगन यांच्या नायकत्वाखालीं एम. सी. सी. चा संघ हिंदुस्थानांत आला होता. मुंबईच्या सामन्यांत त्या संघाच्या गाय अर्ल यांनीं आठ षट्कार मारून १३० धावा केल्या. हिंदूंची पाळी आल्यावर नायडूंनीं दोन तासांच्या आंत १५३ धावा काढल्या, आणि त्यांत अकरा षट्कार होते! नायडू खेळत आहेत ही वार्ता फोर्टांतील कचेऱ्यांतून पसरतांच कारकून टेबलें सोडून मैदानाकडे धांवले, असें सांगतात. अशा दिवशीं साहेबांनीं रजा नाकारली असती, तरी ती मागतो कोण? अर्लचा खेळ पाहून जे प्रेक्षक मनांतून खचले होते, त्यांना नायडूंच्या प्रत्येक षट्कारांत क्रिकेटहून कांहीं अधिक दिसलें, आणि तें साहजिकच होतें. त्या प्रेक्षकाला राज्यकर्त्यांची बरोबरी करण्याची जागा दुसरीकडे कोठें होती?

१९३० ते १९३३ या सत्याग्रहाच्या वर्षांत चौरंगी सामने झाले नाहींत. १९३४ सालीं ते पुन्हां सुरू झाले, आणि त्याच वर्षीं बॉबी तल्यारखान यांनीं रेडिओवरून सामन्याचें धांवतें वर्णन केलें. दिवसभर ते एकटे बोलत, मध्यें दुसऱ्याचा आवाज त्यांना खपत नसे. सामन्याला जाण्याची ऐपत वा सवड नसलेला माणूस आतां कोणाच्या तरी ओसरीवरील यंत्राभोंवतीं बसून प्रेक्षक होऊं लागला.

डिसेंबर १९३७ मध्यें ब्रेबोर्न स्टेडियम उघडलें. ‘इतरेजन’ या नांवाचा पांचवा संघ त्याच वर्षीं आला, आणि सामने पंचरंगी झाले. ख्रिस्ती, ज्यू वगैरे ज्यांना कोणत्याच संघांत स्थान नव्हतें, त्यांची ही सोय. पण पहिल्याच वर्षीं हिंदु संघ बाहेर राहिला. कारण काय, तर नव्या स्टेडियममध्यें हिंदु जिमखान्याच्या वांट्यास बैठका कमी आल्या! भांडण खेळाचें नव्हतें, नियमांचें नव्हतें, खुर्च्यांचें होतें. जातवारीचें तत्त्व एकदां मान्य केलें कीं तें विकेटपासून खुर्चीपर्यंत पोहोंचण्यास वेळ लागत नाहीं.

वर्ध्यास गेलेल्या मंडळींना गांधीजींनीं जें सांगितलें, तें या पार्श्वभूमीवर वाचलें पाहिजे. त्यांचें निवेदन लहान आहे, आणि त्यांत दोन निरनिराळे युक्तिवाद आहेत. पहिला प्रसंगाचा: जग युद्धाच्या दुःखांत असतां आणि देशाचे नेते तुरुंगांत असतां करमणुकीचे सोहळे शोभत नाहींत, म्हणून सामने बंद व्हावे असें म्हणणाऱ्यांकडे त्यांची सहानुभूति होती. दुसरा तत्त्वाचा: कॉलेजाकॉलेजांचे वा संस्थासंस्थांचे सामने समजूं शकतात, परंतु हिंदु, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठीं, हें त्यांना कधींच उमगलें नव्हतें, आणि असले भेद खेळाच्या रीतींतून हद्दपार व्हावे अशी त्यांची इच्छा होती. शाळेंत सक्तीचें होईपर्यंत क्रिकेटच्या वाटेलाहि न गेलेल्या गृहस्थाचा हा अभिप्राय, म्हणून कांहीं शौकिनांनीं त्याची थट्टा केली. थट्टा सोपी होती. उत्तर देणें कठीण होतें.

मंडळी मुंबईस परतली. जिमखान्याच्या सभेंत कडाक्याचा वाद होऊन थोड्या मताधिक्यानें माघार घेण्याचें ठरलें. त्या वर्षीं हिंदु संघावांचून सामने झाले व मुसलमान संघ विजयी झाला. खरी पंचाईत झाली ती प्रेक्षकाची. खादी वापरणारा, सभांना जाणारा, आणि डिसेंबर आला कीं ज्याचे पाय आपोआप मैदानाकडे वळत, असा माणूस मुंबईंत घरोघर होता. त्यानें जावें कीं न जावें? एकाच घरांत मुलगा स्टेडियमकडे आणि बाप खोलीचें दार लावून आंत, असे प्रकार घडले असतील, तर नवल नाहीं.

पुढच्या वर्षीं हिंदु संघ परत आला. १९४२ सालीं मात्र प्रश्नच उरला नाहीं. जुलैंत वर्ध्यासच काँग्रेसच्या कार्यकारिणीनें ब्रिटिशांनीं देश सोडावा असा ठराव केला, ऑगस्टांत मुंबईस लढ्याला तोंड लागलें, आणि त्या वर्षीं सामने झालेच नाहींत.

त्यानंतरचे दोन अंतिम सामने पाहणाऱ्यांनीं ते जन्मभर सांगितले. १९४३-४४ मध्यें हिंदु संघानें ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. इतरेजनांचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावांत सांगलीचे विजय हजारे हे ख्रिस्ती खेळाडू उभे राहिले, व एकूण ३८७ धावांपैकीं ३०९ त्यांनीं एकट्यानें काढल्या. त्यांचे बंधु विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली. तींत विवेकरावांच्या धावा अवघ्या २१! हिंदु संघ एक डाव व ६१ धावांनीं जिंकला. परंतु प्रेक्षकांनीं घरीं नेली ती हजाऱ्यांची खेळी.

१९४४-४५ चा अंतिम सामना हिंदु व मुसलमान यांचा. राजकारणांत तेव्हां जीना व गांधी यांच्या वाटाघाटी नुकत्याच फिसकटल्या होत्या. मैदानावर मुसलमान संघ एक गडी राखून जिंकला, के. सी. इब्राहिम नाबाद १३७. या संघांतले मुश्ताक अली इंदूरचे, नायडूंच्या तालमींत वाढलेले, आणि रणजी करंडकासाठीं त्यांच्याच होळकर संघांतून खेळणारे. इब्राहिम आणि मर्चंट दोघेहि मुंबईचे. थोड्याच महिन्यांत, मार्च १९४५ मध्यें, मुंबई व होळकर यांच्यांत रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. त्यांत २,०७८ धावा निघाल्या, आणि होळकरांकडून खेळणाऱ्या डेनिस कॉम्प्टन या इंग्रजानें नाबाद २४९ काढल्या. प्रांतवार संघांत रंगत येणार नाहीं, हा पंचरंगीच्या कैवाऱ्यांचा मोठा आधार होता. तो या एका सामन्यानें बराच खचला.

१९४५-४६ नंतर पंचरंगी सामने झाले नाहींत.

वर्ध्याच्या शौकिनाला आतां अंतिम सामन्यासाठीं मुंबईची गाडी धरावी लागत नाहीं. नागपूर-वर्धा रस्त्यावर जामठा येथें मोठें स्टेडियम झालें असून २००८ सालीं तेथें पहिला कसोटी सामना झाला. विदर्भानें रणजी करंडक प्रथम जिंकला तो १ जानेवारी २०१८ रोजीं, नायडूंच्या इंदुरांत. दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा जामठ्यास. तिसऱ्या वेळीं, २ मार्च २०२५ रोजीं, केरळाविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावांतील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. त्या डावांत दानिश मालेवार या नागपूरच्या तरुण फलंदाजानें १५३ धावा केल्या. नायडूंच्याहि १९२६ मधील धावा तितक्याच होत्या.