सिंहिणींचा संसार

गीरच्या सिंहांचा इतिहास नेहमी पुरुषमंडळींपासूनच सुरू होतो. जुनागढच्या नबाबांनी शिकारीवर बंधनं घातली, लॉर्ड कर्झनने तिथे शिकार करायचं टाळलं, म्हणून सिंह वाचले. खरंच आहे ते. श्रेय द्यायलाच हवं. बडोदे संस्थानाच्या अमरेली प्रांतातली धारी या जंगलाला लागूनच, त्यामुळे आम्हा बडोदेकरांना गीर तसं परकं नाही. पण पिल्लं वाढवली कोणी, हे त्या इतिहासात कुठे येत नाही.

सिंहाचं घर म्हणजे खरं तर माहेर. आई, लेकी, बहिणी, मावश्या एकत्र राहतात आणि पिल्लं कोणाचंही दूध पितात. मुलगे मोठे झाले की बाहेर पडतात. आफ्रिकेत नर बराच काळ या कुटुंबासोबत असतात, कारण रानरेड्यासारखी मोठी शिकार सगळ्यांना पुरते. गीरमधलं चितळ ते केवढंसं! म्हणून तिथले नर दोघे-तिघे मिळून वेगळे हिंडतात. मीलनाला येतात, नाहीतर मोठी शिकार पडली की जेवायला. (वाचून ओळखीचं हसू आलं ना?)

नवा नर आला की आधीच्याची पिल्लं मारतो. यावर गीरच्या सिंहिणीने उपाय काढला आहे: आसपासच्या अनेक नरांशी ती संबंध ठेवते. पिल्लं आपलीच असतील असं प्रत्येकाला वाटलं, की ती जगतात. आपल्याकडे बाईच्या अशा वागण्याला काय म्हणतील, ते सांगायला नको. तिने मात्र लेकरं वाचवली.

१९६८च्या गणनेत १७७ सिंह होते. तेव्हा त्यांचं पोट मुख्यतः मालधाऱ्यांच्या गाईम्हशींवर भरायचं. १९७२पासून मालधाऱ्यांची शेकडो कुटुंबं जंगलाबाहेर हलवली, १९७५मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, गवत वाढलं, चितळ वाढले. २०२५मध्ये सिंह ८९१ भरले. त्यांत प्रौढ नर १९६ आणि माद्या ३३०.

मालधाऱ्यांचं घर दुधातुपावर चालायचं, आणि ताक घुसळणं, तूप कढवणं हे बायकांचं काम. त्यांना बाहेर जमिनी दिल्या, शेती करा म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या म्हशींमागे राहिलेली माणसं ती! चराई तुटली तशा कित्येकांच्या म्हशी कमी झाल्या, आणि बायका दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाऊ लागल्या.