नाणेघाटातली नावं

सह्याद्रीतल्या वाटा कुणी हौसेखातर पाडलेल्या नाहीत. सुट्टीत सॅक पाठीला लावून निघणारी आपण माणसं हे चटकन विसरतो. आपल्याला दमछाक हवी असते, फोटो हवे असतात. ज्यांनी या वाटा तुडवल्या त्यांना यातलं काहीच नको होतं. त्यांना फक्त पलीकडे पोचायचं होतं.

नाणेघाटाचंच बघा. लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार झालं, आणि त्याची पश्चिमेची कड कोकणात सरळ तुटून पडली. खाली कल्याण, सोपारा ही बंदरं. वर जुन्नर, आणि पुढं सातवाहनांची राजधानी पैठण. माल चढवायचा तर त्या कड्यात एखादी खाच शोधणं भाग होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याण आणि पैठण ही दोन्ही नावं येतात. जुन्नरच्या डोंगरात दोनशेच्या वर लेणी आहेत, त्यात यवनांनी दिलेल्या दानांचेही लेख आहेत. एवढी माणसं आणि एवढा पैसा त्या आडबाजूच्या गावात आला, त्याला ही खाच मोठं कारण होती.

मग १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून रेल्वे गेली, आणि जुन्या घाटवाटांचं काम संपत गेलं. आता त्या आपल्यासारख्या सुट्टीतल्या लोकांसाठी उरल्यात.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमची वरात तिथं निघाली. सगळ्यात लहान भाची नऊ वर्षांची, सगळ्यात मोठी आत्या अडुसष्टची. गाडीनं जुन्नरकडून थेट माथ्यावर जाता येतं, पण आत्यानंच ठरवलं की खालून चढायचं. माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे गाव लागतं, तिथून पुढं चढ सुरू. दोन-अडीच तासांची वाट आम्ही चार तास चढलो. आधी झाडी, मग उघडा कातळ, शेवटी दगडी पायऱ्या, आणि डोक्यावर सतत नानाच्या अंगठ्याचा तो सुळका. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांची किंमत पुस्तकात वाचून कळत नाही, बाटल्या रिकाम्या झाल्या की कळते.

घाटाच्या तोंडाशी गुहा आहे. गुहा म्हणजे काय, दगडात कोरलेली चौकोनी खोलीच. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. सुरुवातीला इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन. मग एका राणीचं वर्णन: महारठीची मुलगी, दक्षिणापथाच्या राजाची बायको, राजपुत्रांची आई, महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. त्यानंतर यज्ञ आणि दक्षिणा यांची यादी: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. हिशेब अगदी चोख!

आपल्याकडे आकडे लिहिल्याचे जे फार जुने पुरावे आहेत त्यातला हा एक. भाचीला तेवढंच आवडलं. तिचा पहिला प्रश्न, "यात शून्य कुठाय?" शून्य नाहीच. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. २४,४०० लिहायचे तर वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन खुणा शेजारी शेजारी.

घाटाच्या वरच्या अंगाला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सगळे सांगतात. लेखाचा जो भाग वाचता येतो त्यात जकातीबद्दल चकार शब्द नाही, पण गोष्ट झकास आहे, चालू राहू दे.

मी मात्र मागच्या भिंतीपाशी अडकलो. तिथं एकेकाळी माणसाएवढ्या मूर्ती ओळीनं कोरलेल्या होत्या. अख्खं राजघराणं. आज जेमतेम पायांच्या खुणा आहेत, आणि वर नावं. राजा सिमुक सातवाहन. देवी नायनिका आणि राजा सातकर्णी. कुमार भाय. महारठी त्रणकयिर. कुमार हकुसिरी. कुमार सातवाहन. (नायनिका म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो तीच.) चेहरे गेले, दागिने गेले, नावं राहिली.

त्या ओळीत राणी आहे, आणि नवऱ्याच्या आधी तिचं नाव आहे. तो महारठी बहुधा तिचा बाप असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे सासरच्या भिंतीवर माहेरही आलं! पुढच्या सातवाहन राजांनी तर आईचंच नाव लावलं: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. आता यावरून तेव्हा बायकांचं राज्य होतं असं मी म्हणणार नाही. राजघराण्यांना सोयरिकी मिरवायच्या असतात, आणि घाटावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या दिसाव्यात हाही हिशेब असणारच. पण कोरलं तर खरं.

आमच्याकडे घराण्याची वंशावळ आहे, फ्रेम करून लावलेली. दहा पिढ्या. त्यात एकही बाई नाही. बाप, मुलगा, त्याचा मुलगा, जणू सगळे आपोआपच जन्मले. त्यातून आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत, म्हणजे बाई दोनदा पुसली जाते. गुहेत बसून दशम्या खाताना आत्या सहज म्हणाली, "आपल्या पणजीचं माहेरचं नाव ठाऊक आहे का रे कुणाला?" आम्ही सगळे गप्प. तिनं सांगितलं. ते नाव आज जगात फक्त तिला आठवत होतं. भाचीच्या वहीचं पान फाडून मी तिथंच लिहून घेतलं.

दगडात कोरायची आपली ऐपत नाही, गरजही नाही. एक कागद पुरतो, पण ज्यांना आठवतं ती माणसं असेपर्यंतच.

तर हे वाचणाऱ्या तमाम नातेवाईकांना विनंती. आज्या, पणज्या, काकवा, माम्या यांची माहेरची नावं, गावं, जे जे आठवत असेल ते मला कळवा. नवी वंशावळ करायला घेतली आहे. संक्रांतीपर्यंत पहिला कच्चा खर्डा सगळ्यांना पाठवीन. आणि वाचकहो, तुमच्याही घरी एखादी आत्या असेलच. तिला एकदा विचारून बघा.