९९.९४ च्या पलीकडचे ब्रॅडमन



सिडनीहून कॅनबेराला जाताना वाट थोडी वाकडी करून बोवरलचं ब्रॅडमन म्युझियम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मुलांना दाखवलं असेल. पाण्याच्या टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू मारायचा आणि उलटून आलेला चेंडू स्टंपने टोलवायचा, ही छोट्या डॉनची गोष्ट मुलांना आवडतेच. मग येतो तो आकडा. ५२ कसोट्या, ६,९९६ धावा, सरासरी ९९.९४. १९४८ साली ओव्हलवरच्या शेवटच्या डावात शून्याऐवजी चार धावा निघाल्या असत्या, तर बरोब्बर १००! माझ्या कन्सल्टिंगच्या धंद्यात आकड्यांशिवाय पान हलत नाही, त्यामुळे मीही वर्षानुवर्षं त्या चार धावांतच अडकलो होतो.

त्याच वर्षीच्या जानेवारीत ॲडलेडला काय झालं, ते बघा. ब्रॅडमननी भारताविरुद्ध २०१ धावा केल्या. आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी ११६ आणि फॉलोऑननंतर १४५ अशी दोन्ही डावांत शतकं ठोकली. दत्तू फडकरांनी १२३ केल्या. तरी आपण डावाने हरलो. पण हेच हजारे 'मला इथे कायमचं राहायचंय' म्हणाले असते, तर 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरणापुढे त्यांची शतकं कामाला आली नसती. तुमच्या-माझ्या पीआरच्या फायलीआधीचा इतिहास आहे हा.

ब्रॅडमन तेव्हा या धोरणावर काही बोलल्याचं माझ्या वाचनात नाही. मला महत्त्वाचे वाटतात ते १९७१ चे ब्रॅडमन. वय ६३, क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष. दक्षिण आफ्रिकेचा फक्त गोऱ्यांचा संघ दौऱ्यावर यायचा होता. त्याआधी आलेल्या त्यांच्या रग्बी संघाविरुद्ध जागोजागी निदर्शनं झाली, क्वीन्सलंडमध्ये तर आणीबाणी लावली. ब्रॅडमननी आंदोलकांना नुसतं झिडकारलं नाही. मेरेडिथ बर्गमन या त्यांच्यातल्या तरुण कार्यकर्तीशी पत्रव्यवहार केला, तिची बाजू समजून घेतली. सप्टेंबरमध्ये बोर्डाने दौरा रद्द केला. मैदानात गोंधळ होण्याची धास्ती होती, हेही खरंच. पण सरकारचा कल दौरा व्हावा असाच असताना 'नको' म्हणायला हिंमत लागते.

रिकाम्या झालेल्या त्या उन्हाळ्यात बोर्डाने शेष विश्व संघ बोलावला. कप्तान गॅरी सोबर्स. मेलबर्नला त्यांनी २५४ धावा केल्या, आणि ऑस्ट्रेलियात पाहिलेली ती बहुधा सर्वोत्तम खेळी, असं खुद्द ब्रॅडमन म्हणाले. त्या संघात दक्षिण आफ्रिकेचे पोलॉक बंधू होते, बिशनसिंग बेदी होते, मुंबईचे फारूख इंजिनियर होते आणि मुंबईचाच २२ वर्षांचा सुनील गावसकर.