कडक मास्तर आणि कणखर नेता

प्रवासात कुणी "गाव कोणतं?" असं विचारलं आणि मी "देवळाली" म्हणालो, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे तोफखान्याची देवळाली का?" मग मला सांगावं लागतं की ती नाशिकजवळची, लष्कराच्या छावणीची. आमची देवळाली प्रवरा, राहुरी तालुक्यातली. उसाची, शेतकऱ्यांची. तोफांशी आमचा काही संबंध नाही.

तरी परवा संध्याकाळी आमच्या पारावर तोफाच धडाडल्या म्हणायच्या. देशाला कसा नेता हवा, हा विषय निघाला होता. "कणखर हवा" यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण कणखर म्हणजे कसा? एक जण म्हणाला, शत्रूला दम देणारा. दुसरा म्हणाला, समोरच्याची बोलती बंद करणारा. तिसऱ्याच्या मते, जो खोलीत शिरला की सगळे चिडीचूप होतात तो. मग सगळे माझ्याकडे वळले. "काय सर, इतिहास काय म्हणतो?"

पस्तीस वर्षं इतिहास शिकवून मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं, ते आता लिहून काढतो आहे.

१९६२ साली मी सहावीत होतो. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. युद्ध म्हणजे काय हे आम्हा पोरांना कळत नव्हतं, पण मोठ्यांचे चेहरे बघून काहीतरी वाईट घडतंय एवढं कळायचं. गावात रेडिओ मोजके, त्यांच्याभोवती माणसं उभ्याने बातम्या ऐकत. संरक्षण निधीसाठी शाळेत पैसे गोळा झाले. माझ्या आईने कानातली कुडी काढून दिली. घरात तेवढंच सोनं होतं. तिला चीन कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.

आणि मग नोव्हेंबरात बातमी आली की आपले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून निघाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. आमच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं ते घोड्यावर बसलेल्या, हातात तलवार घेतलेल्या यशवंतरावांचं!

प्रत्यक्षात काय झालं? २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तीही त्याच दिवशी. म्हणजे सह्याद्री पोहोचला तेव्हा लढाई संपली होती. आता जे काम होतं ते टेबलाशी बसून करण्याचं होतं, आणि ते सोपं नव्हतं.

काय परिस्थिती होती बघा. सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट घातलेले जवान हिमालयाच्या थंडीत उभे केले गेले होते. हातात जुन्या थ्री नॉट थ्री रायफली. सेला, बोमडिला पडलं होतं. कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं होतं, लष्करप्रमुख बदलले होते. पण शस्त्रांच्या तुटवड्याहून मोठा एक तुटवडा होता, तो विश्वासाचा. मेनन बुद्धिमान खरे, पण सेनाधिकारी आणि मंत्री यांच्यात मोकळं बोलणं उरलं नव्हतं. खालच्या अधिकाऱ्याने "हे ठाणं टिकणार नाही" म्हणावं आणि वरच्याने ते ऐकू नये, किंवा वरच्याला आवडणार नाही म्हणून खालच्याने ते बोलूच नये, असं झालं होतं.

अशा जागी ४९ वर्षांचे चव्हाण गेले. संरक्षण खात्याचा अनुभव शून्य. दिल्लीत कुणी जवळचं नाही. पुढच्या वर्षी नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, हाच काय तो आधार. त्यांनी तिन्ही दलांच्या प्रमुखांना आणि सचिवांना नियमित एकत्र बसवायला सुरुवात केली. आपल्याला जे कळत नाही ते विचारायचं, ऐकून घ्यायचं आणि मग ठरवायचं, अशी त्यांची पद्धत होती. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी केली. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही, ही गोष्ट मला आजही खटकते. पण २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी संसदेत त्याचं सार मांडलं. प्रशिक्षण कमी पडलं, साधनं कमी पडली, नेतृत्वाची साखळी कमी पडली, हे उघडपणे सांगितलं. मग योजना आखली. लष्कर सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं, डोंगरी लढाईसाठी दहा डिव्हिजन उभ्या करायच्या, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन करायच्या. १९६४ साली ते मदतीसाठी अमेरिकेला गेले आणि रशियालाही गेले. यात कुठेही आरडाओरडा नव्हता. आम्हा पोरांना तर हे काही कळलंही नाही.

या तीन वर्षांचा कस लागला तो १ सप्टेंबर १९६५ रोजी. पहाटे पाकिस्तानने छांबमध्ये पॅटन रणगाडे घातले. (नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात पकडलेला पॅटन उभा आहे. मी सहलीला मुलं नेली की त्यांना हात लावून बघायला सांगायचो.) त्या भागात आपल्याकडे हलक्या रणगाड्यांची एकच तुकडी होती. अखनूरचा पूल गेला असता तर पूंछकडे जाणारी रसद तुटली असती. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग चव्हाणांकडे आले. विमानं वापरायची का? ती वापरणं म्हणजे युद्धाची पायरी चढणं. मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न बघता चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली.

त्या संध्याकाळी आपली चार व्हँपायर विमानं पडली. जुनी विमानं होती, ती आघाडीवरून काढून घेतली गेली. पण निर्णय कायम राहिला आणि पाच दिवसांनी आपल्या सेनेने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली, तीही शास्त्रीजींसारख्या लहान चणीच्या, मृदू बोलणाऱ्या पंतप्रधानांच्या संमतीने. या दोघांपैकी कुणाचीही दम देणारा माणूस म्हणून ख्याती नव्हती.

ते काही मिनिटांत घेतलेले निर्णय आधीच्या तीन वर्षांतल्या ऐकून घेण्यातून आले होते, असं मला वाटतं. समोरचा माणूस आपल्याला खरं तेच सांगतो आहे, याची खात्री असल्याशिवाय एवढ्या झटपट हो म्हणता येत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. ते कसं कळलं तेही सांगायला हवं.

१९७५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत नवा होतो आणि कडक मास्तर म्हणून माझा लौकिक होता. माझ्या तासाला टाचणी पडली तरी आवाज यावा, याचा मला अभिमान वाटे. देशातही तेव्हा शिस्तीचेच दिवस होते. एके दिवशी मधल्या सुट्टीत वर्गाचा वासा कौलांसकट खाली आला. वर्गात एकच मुलगा डबा खात बसला होता. त्याचा खांदा निखळला. डोकं वाचलं ते नशीब. वासा भुंग्याने पोकळ केला होता. मागाहून कळलं की पंधरा दिवस मागच्या बाकांवर भुसा पडत होता आणि मुलं रोज तो झाडून बसत होती.

"अरे, मग मला सांगितलं का नाही?" मी ओरडलो.

एक पोरगं खाली मान घालून म्हणालं, "सर, तुमच्या तासाला बोललेलं चालत नाही ना."

पन्नास वर्षं झाली, पण ते वाक्य पुसलं गेलं नाही. मी शांततेला शिस्त समजत होतो. डोक्यावरचा वासा पोखरत होता आणि माझ्या भीतीने चाळीस मुलं गप्प होती.

त्याच १९७५ सालाने यशवंतरावांचीही परीक्षा घेतली, आणि इथे मला त्यांच्याबद्दल लिहिताना हात आखडता घेता येत नाही. आणीबाणी आली तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते. जयप्रकाशजी तुरुंगात गेले. स्वातंत्र्यलढ्यात स्वतः तुरुंग भोगलेल्या या माणसाने जाहीर विरोध केला नाही, राजीनामाही दिला नाही. खालच्यांना निर्भयपणे बोलू देणारा नेता वरच्यापुढे मात्र बोलला नाही. पुढे लोक त्यांना कुंपणावरचे म्हणू लागले. १९६५ चा कणखरपणा १९७५ ला कुठे गेला? माझ्यापुरतं उत्तर एवढंच की तो एकदा मिळवून पेटीत ठेवता येत नाही. दर वेळी नव्याने दाखवावा लागतो, आणि शत्रूसमोर दाखवण्यापेक्षा आपल्या माणसांसमोर दाखवणं अवघड असतं.

तेव्हा पारावरच्या मित्रांनो, उशिराने का होईना, हे माझं उत्तर. जो खोलीत शिरला की सगळे चिडीचूप होतात, त्याच्या राज्यात मला सुरक्षित वाटणार नाही. मी विचारीन, याला वाईट बातमी सांगायला कोण जातं? आणि सांगून आलेल्याचं पुढे काय होतं?

असो. आईने ती कुडी दिली त्यानंतर तिने कानात पुन्हा सोनं घातलं नाही. घेऊ म्हटलं तरी नको म्हणायची. ज्यांच्या भरवशावर ती दिली त्यांनी खरं ऐकून घ्यावं, एवढी अपेक्षा तिच्या वतीने मी करायला हरकत नसावी.