खरखरीतून पोचलेली गाणी : डॅनियल जॉन्स्टनच्या कॅसेट्सचा इतिहास

#थ्रेड १/८
गाणे उत्तम, पण ध्वनिमुद्रण सुमार असेल तर श्रोता थांबतो का? या प्रश्नाचे एक उत्तर १९८०च्या दशकातील अमेरिकेत, टेक्सास राज्यात सापडते. तेथील हौशी गीतकार डॅनियल जॉन्स्टन (१९६१–२०१९) याच्या कॅसेट्सची ही हकिकत.

२/८
१९८३ साली ह्यूस्टनमध्ये, भावाच्या गॅरेजमध्ये त्याने 'यिप/जंप म्युझिक' मुद्रित केले. साथीला खेळण्यातला वाटावा असा छोटा ऑर्गन, समोर साधा टेपरेकॉर्डर. प्रती काढण्याची सोयही सुरुवातीला नव्हती. नवी प्रत हवी असली की तो सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून गात असे.

३/८
पुढे ऑस्टिनमध्ये हॅम्बर्गरच्या दुकानात काम करताना तो भेटेल त्याच्या हाती कॅसेट ठेवू लागला. १९८५ साली तो एमटीव्हीवर झळकला. १९९२ साली 'निर्वाना' बँडचा कर्ट कोबेन जॉन्स्टनच्या 'हाय, हाउ आर यू' या कॅसेटवरील चित्राचा टी-शर्ट घालून एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्याला आला आणि हे नाव दूरवर पोचले.

४/८
एवढ्या खरखरीतून गाणे पोचले कसे? स्वस्त टेपरेकॉर्डर अगदी खालचे व अगदी वरचे स्वर गमावतो. परंतु शब्द कळण्यास मधला पट्टा पुरतो. जुना दूरध्वनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढेच ध्वनी वाहून नेई, तरी संभाषण अडत नसे. जॉन्स्टनकडे एक आवाज व एक वाद्य होते. शब्द झाकणारे काहीच नव्हते. त्याच यंत्रावर दहा वाद्यांचा मेळ मुद्रित केला असता, तर नुसता कालवा ऐकू आला असता.

५/८
मग उत्तम निर्मितीने श्रोते वाढले का? १९९४ साली अटलांटिक या बड्या कंपनीने त्याचा 'फन' हा अल्बम काढला. निर्माता होता पॉल लिअरी. ध्वनी स्वच्छ झाला, विक्री मात्र निराशाजनक ठरली आणि लवकरच करार संपला. त्या काळात तो गंभीर मानसिक आजाराशी झुंजत होता, हेही विसरता येत नाही. तरीही एवढे दिसते की, स्वच्छ ध्वनीच्या मागोमाग श्रोते आपोआप येत नाहीत.

६/८
२००४ साली दोन डिस्कचा एक संग्रह निघाला. एकीवर टॉम वेट्स, बेक आदी कलाकारांनी गायलेली जॉन्स्टनची गाणी, दुसरीवर त्याची मूळ मुद्रणे. स्टुडिओच्या स्वच्छ ध्वनीतही ती गाणी भक्कम उभी राहिली. अर्थात, त्यांचे बळ खरखरीत नव्हते. चालीत व शब्दांत होते.

७/८
अनेक चाहत्यांनी मात्र खरखरीलाच सच्चेपणाची खूण मानले. हा त्याच्यावर अन्याय आहे. जॉन्स्टन बीटल्सचा निस्सीम भक्त होता. त्याला त्यांच्यासारखीच कीर्ती हवी होती. खरखर ही त्याची आवड नव्हती, ती त्याची ऐपत होती.

८/८
या इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. श्रोता यंत्राचा दोष पोटात घालतो, पण शब्द व चाल कानापर्यंत न पोचणे त्याला चालत नाही. निर्मितीचे पहिले काम गाणे सजवणे नसून त्याच्या वाटेतले अडथळे दूर करणे हे आहे. आणि ज्याच्यापाशी त्याचीही साधने नव्हती, त्याच्या गरिबीला शैली म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे.