वरातीमागून मंत्रिमंडळ

२५ जून १९७५. दिल्लीत रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत आणि तुम्ही राष्ट्रपती भवनात एका भिंतीला पाठ लावून उभे आहात. तुम्ही कोणालाही दिसत नाही आणि तुम्हाला काही बदलता येत नाही, एवढ्या दोन अटींवर हा प्रवास मिळाला आहे. संध्याकाळी रामलीला मैदानावर विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली. तिथे जावंसं वाटलं असतं, हे कबूल. पण आजचं खरं काम मैदानात नाही, एका पत्रात आहे. ते पत्र आता राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या हातात आहे.

खांद्यावरून वाचा. वर 'अतिगोपनीय' असा शेरा. अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षेला धोका असल्याची माहिती मिळाली आहे, असं पंतप्रधान इंदिरा गांधी लिहितात. प्रकरण मंत्रिमंडळापुढे न्यायला आवडलं असतं, पण दुर्दैवाने आज रात्री ते शक्य नाही. म्हणून कामकाज नियमावलीच्या नियम १२ अन्वये आपल्या अधिकारात ही पायरी वगळते आहे, उद्या सकाळी पहिली गोष्ट म्हणून मंत्रिमंडळाला सांगेन.

नियम १२ वर बोट ठेवा आणि जरा थांबा. भारत सरकारची ही नियमावली १९६१ ची. काय मंत्रिमंडळापुढे जायलाच हवं, हे तिच्यात ठरवलेलं आहे. कारकुनी वाटावी अशी ही चीज, पण सामुदायिक जबाबदारी नावाची जी गोष्ट आपण नागरिकशास्त्रात पाठ करतो ती प्रत्यक्षात इथे राहते. नियम १२ म्हणतो की गरज वाटल्यास पंतप्रधान या नियमांपासून फारकत घेण्याची मुभा देऊ शकतात. घराला मागचं दार असावं तसा हा नियम. आज रात्री सगळं घर त्याच दारातून बाहेर काढलं जातं आहे.

खोलीत राष्ट्रपतींचे सचिव बालचंद्रन आले. पत्र वाचून त्यांनी हरकत घेतली: मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय आणीबाणी पुकारणं घटनेत बसत नाही. अख्ख्या रात्रीत कोणा अधिकाऱ्याने काढलेला हा नेमका मुद्दा. राष्ट्रपती पंतप्रधानांशी फोनवर बोलले. बालचंद्रन थोडा वेळ बाहेर गेले, तेवढ्यात पंतप्रधानांचे साहाय्यक आर. के. धवन घोषणेचा मसुदा घेऊन आले. सचिव परतले तेव्हा सही झालेली होती.

तुम्हाला वाटेल, अशी काय आग लागली होती? त्याच प्रश्नाची अर्धी बाजू गृहमंत्र्यांनीही मांडली होती. ब्रह्मानंद रेड्डींना साडेदहाच्या सुमारास पंतप्रधानांच्या घरी बोलावून निर्णय सांगण्यात आला. त्यांचं म्हणणं, हाताशी असलेले अधिकार पुरेसे नाहीत का? प्रश्न बरोबर होता. बांगलादेश युद्धाच्या वेळी, ३ डिसेंबर १९७१ ला पुकारलेली बाह्य आक्रमणाची आणीबाणी अजून उठलेलीच नव्हती. म्हणजे एक आणीबाणी चालू असताना तुम्ही दुसरी जन्मताना पाहत आहात. रेड्डींनी नंतर सही केली. घाईचं कारण शोधायला फार लांब जायला नको: १२ जूनला अलाहाबादला न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली होती आणि २४ तारखेला सर्वोच्च न्यायालयातून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्तच स्थगिती दिली होती.

मध्यरात्र उलटली. बहादूरशाह जफर मार्गावर चक्कर मारा. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत अंधार आहे, छपाईयंत्रं गप्प. कॅनॉट प्लेसकडच्या 'स्टेट्समन' आणि 'हिंदुस्थान टाइम्स'ला मात्र वीज आहे, कारण त्यांचा पुरवठा नवी दिल्ली नगरपालिकेचा. हुकूमशाहीलाही विजेचं खातं कोणाचं हे आधी विचारावं लागतं! गांधी शांती प्रतिष्ठानात पोलीस जयप्रकाशांना उठवायला गेले आहेत. ते दृश्य पुष्कळांनी लिहिलं आहे, आपण पुढे जाऊ.

पहाटे साडेचार. मंत्रिमंडळ सचिव बी. डी. पांडे यांच्याकडे फोन वाजतो: सहा वाजता बैठक आहे. सरकारातला सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी, ज्याच्या सहीशिवाय मंत्रिमंडळाचा कागद हलत नाही, त्याला हे आता कळतं आहे. तोवर देशभर अटका सुरू झालेल्या. दिल्लीत जे मंत्री होते त्यांना झोपेतून उठवण्यात आलं.

सहा वाजता तुम्ही त्या खोलीत आहात. चेहरे बघा, कारण बोलणं फारसं होणार नाही. कायदेमंत्री हरी रामचंद्र गोखले हे मुंबईचे, स्वतः उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले. घटनेतल्या सर्वांत भारी कलमाचा वापर झाला, आणि कायदेमंत्र्याला तो या खोलीत समजतो आहे. पंतप्रधान सांगतात, यादी, अटका, घोषणा. संरक्षणमंत्री स्वर्णसिंग काहीतरी विचारतात. बाकी शांतता. मान्यता मिळाली. वरातीमागून घोडं आणावं तसं मंत्रिमंडळ आणलं गेलं आणि घोड्याने तक्रार केली नाही. थोड्याच वेळात आकाशवाणीवर देशाला सांगितलं गेलं की राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं कारण नाही.

याच्या पुढचे काही महिने भराभर उलटा. माहिती खात्यातून इंदरकुमार गुजराल हलले, विद्याचरण शुक्ल आले. प्रश्न विचारणारे स्वर्णसिंग वर्ष संपण्याआधी मंत्रिमंडळातून बाहेर होते, संरक्षण खातं बन्सीलालांकडे गेलं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचजणांपैकी चौघांनी ठरवलं की स्थानबद्धाला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. त्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. पाचवे हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता ओलांडून मिर्झा हमीदुल्ला बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्या काळातल्या नेमणुका वाचायला निकालपत्राइतक्याच स्पष्ट आहेत.

आता पतियाळा हाउसमध्ये या. सत्ता बदलली आहे आणि आणीबाणीची चौकशी करणारा न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग साक्षी नोंदवतो आहे. शहा मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले, मोजकं बोलणारे. बालचंद्रन सांगून गेले, पांडे सांगून गेले. या साऱ्या साक्षींतून आयोगाने जो हिशेब मांडला त्याला तोड नाही. पहाटे निरोप देऊन दीड तासात मंत्री जमू शकले, तर आदल्या संध्याकाळी का जमले नसते? 'आज रात्री शक्य नाही' या वाक्याची किंमत तिथे दीड तास ठरली.

पुढे ४४ वी घटनादुरुस्ती झाली. 'अंतर्गत अशांतता' हे शब्द गेले, 'सशस्त्र उठाव' आले. केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय आणीबाणीची घोषणा होणार नाही, अशी अट पडली. कलम ३५२ पुरतं मागचं दार भिंत घालून बुजवलं. नियम १२ मात्र नियमावलीत होता तिथेच राहिला. आमच्या मते हे तेव्हा कोणाला फारसं खुपलंही नाही. संकट कलमात होतं असं वाटलं, सवयीत होतं हे कोणी पाहिलं नाही.

म्हणून एक शेवटचा मुक्काम, आणि तो घराजवळचा. २३ नोव्हेंबर २०१९, मुंबई. सकाळच्या वर्तमानपत्रात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार अशी ठळक बातमी आहे. तुमच्या हातात चहा आहे आणि दूरचित्रवाणीवर राजभवनात देवेंद्र फडणवीस शपथ घेताहेत, पाठोपाठ अजित पवार. महाराष्ट्रात १२ तारखेपासून राष्ट्रपती राजवट होती. ती पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांच्या अधिसूचनेने उठली. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली नाही. पंतप्रधानांनी नियम १२ वापरला, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी सही केली.

दोन्ही घटना एका तागडीत घालू नका. तिकडे नागरिकांचे हक्क गोठले, इकडे एक राजवट उठली. तिकडे एकवीस महिने गेले, इकडे सरकार चौथ्या दिवशी राजीनामा देऊन मोकळं झालं. नियमातही दोन्ही वेळा बसलं. पण शहा आयोगाचा प्रश्न तुम्ही दिल्लीहून सोबत आणला असेल, तर तो इथेही विचारून बघा: मंत्री बोलावायला किती वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ का नव्हता?