कळ, आज्ञा आणि वळण : 'ईमॅक्स'च्या निमित्ताने

साहित्याच्या अभ्यासात संहितेचा विचार पुष्कळ होतो. ती ज्या साधनाने लिहिली गेली त्याचा विचार त्या मानाने थोडा. बोरू, टाक, झरणी, टंकलेखन यंत्र यांच्याविषयी आठवणीवजा मजकूर सापडतो. परंतु संगणकावर लिहिणाऱ्याच्या बोटाखालच्या कळीचा अर्थ कोणी ठरवायचा, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. 'ईमॅक्स' या मजकूर-संपादकाच्या इतिहासात तो अगदी आरंभापासून उपस्थित झालेला दिसतो. (येथे 'संपादक' म्हणजे व्यक्ती नव्हे, तर मजकूर लिहिण्याची व दुरुस्त करण्याची संगणकप्रणाली.)

या इतिहासाचा आरंभ 'टेको' या संपादकापासून करावा लागतो. डॅन मर्फी यांनी तो 1962 च्या सुमारास एमआयटीमधील पीडीपी-1 या संगणकासाठी रचला. टेकोमध्ये लिहिणारा मजकुराला थेट हात लावत नसे. 'इतकी अक्षरे पुढे जा', 'अमुक शब्द शोध' अशा आज्ञा एकेका अक्षराच्या संकेतात लिहून द्यायच्या आणि मग त्यांचा परिणाम पाहायचा, अशी ही पद्धत होती. मात्र या संकेतांची एक संपूर्ण आज्ञाभाषा तयार झाली होती आणि तिच्यात छोटे कार्यक्रम लिहिता येत. पुढच्या साऱ्या घडामोडींचे बीज इथेच आहे.

1972 मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत कार्ल मिकेल्सन यांनी टेकोला पडद्यावरच मजकूर बदलत जाण्याची सोय जोडली. रिचर्ड स्टॉलमन यांनी ती नव्याने रचली आणि तिच्यात एक वरकरणी लहानशी भर घातली : कोणतीही कळ दाबली असता टेकोच्या भाषेत लिहिलेला कोणताही कार्यक्रम चालावा. कळीचा अर्थ यंत्राच्या कर्त्याकडून वापरणाऱ्याच्या हाती आला तो या ठिकाणी.

या स्वातंत्र्याचा परिणाम साहित्याच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. ज्याने त्याने आपापले आज्ञासंच रचले. त्यांपैकी 'टेकमॅक' आणि 'टीमॅक्स' हे विशेष प्रसिद्ध. एकाच्या संचात एक कळ ओळ पुसणारी, तर दुसऱ्याच्या संचात तीच कळ आणखी काही करणारी. हस्तलिखित परंपरेत पाठभेद माजावेत तशी ही अवस्था होती. शेजारच्याच्या आसनावर बसून त्याला मदत करणेही अवघड झाले. 1976 मध्ये गाय स्टील यांनी निरनिराळे संच एकत्र ठेवून, त्यांची तुलना करून एक सर्वमान्य संच सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. हे काम जवळजवळ पाठचिकित्सेचेच होते. स्टॉलमन यांनी ते पूर्णत्वास नेले आणि त्यातून 'ईमॅक्स' जन्मास आला. नाव आले ते 'एडिटिंग मॅक्रोज' या शब्दांवरून.

या संपादकाच्या वाटपाला एक अट होती : त्यात कोणी सुधारणा केली तर ती सर्वांसाठी परत द्यावी. ही अट केवळ औदार्यापोटी आलेली नाही. ज्या विखुरलेपणातून ईमॅक्स निर्माण झाला, तो पुन्हा ओढवू नये, ही जाणीव तिच्यामागे दिसते. आपल्यापुरता बदल करण्याचे स्वातंत्र्य आणि सर्वांची एक भाषा टिकवण्याची गरज यांतला ताण पुढील सगळ्या इतिहासात कायम आहे.

ईमॅक्सची अंतर्रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्यात कळीला स्वतःचा अर्थ नसतो. कळ आणि आज्ञा यांची सांगड घालणारे तक्ते असतात आणि अर्थ त्या तक्त्यांतून ठरतो. 'क' हे अक्षर टंकले असता पडद्यावर 'क' उमटतो, तोही एका आज्ञेमुळेच. 'दाबलेले अक्षर मजकुरात घाल' अशी ती आज्ञा असते आणि तीही बदलता येते. एक तक्ता सर्वत्र लागू होणारा, तर दुसरा विशिष्ट प्रकारच्या मजकुरापुरता. जिथे दोहोंत विरोध येतो तिथे मर्यादित क्षेत्राचा तक्ता वरचढ ठरतो. कंट्रोल-एच आणि मग के दाबून कोणतीही कळ दाबली, तर ती काय करते हे संपादक स्वतःच सांगतो. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हे भाषाविज्ञानातील सूत्र इथे रोजच्या कामात अनुभवाला येते.

हे सारे केवळ तज्ज्ञांपुरते राहिले नाही. 1978 मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी 'मल्टिक्स' प्रणालीसाठी ईमॅक्सची जी आवृत्ती रचली, तिच्यात बदल करण्याची भाषा लिस्प ही होती. स्टॉलमन यांनी नंतर नमूद केले आहे की, ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातील सचिव स्त्रिया या भाषेत आपल्या सोयीच्या आज्ञा लिहू लागल्या होत्या; त्यांना दिलेल्या माहितीपुस्तिकेत हे 'प्रोग्रॅमिंग' आहे असे कुठेही म्हटलेले नव्हते. आपल्याला काय जमणार नाही याची समजूत पुष्कळदा नुसत्या शब्दातून येते, ही गोष्ट शिक्षकांनी विचारात घेण्याजोगी आहे.

पुढे ती जुनी अट मोडली. जेम्स गॉस्लिंग यांनी 1981 मध्ये युनिक्ससाठी ईमॅक्सची एक आवृत्ती लिहिली आणि ती आरंभी मुक्तपणे वाटली; नंतर तिचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले. स्टॉलमन यांनी 1984 मध्ये 'ग्नू ईमॅक्स'चे काम सुरू केले व 1985 मध्ये ते प्रसृत केले. त्यात आरंभी गॉस्लिंग यांच्या आवृत्तीतला काही भाग होता; वाद झाल्यावर तो काढून नव्याने लिहिण्यात आला. कळीचा अर्थ बदलायचा तर मूळ संहिता वाचण्याचा आणि बदलण्याचा हक्क हवा, हा धडा या प्रसंगाने पक्का केला.

ग्नू ईमॅक्सच्या नियमपुस्तिकेत एक संकेत आहे. कंट्रोल-सी आणि त्यानंतर एखादे साधे अक्षर, या सर्व जोड्या वापरणाऱ्यासाठी राखीव आहेत. विस्तार लिहिणाऱ्या कोणीही त्या व्यापू नयेत. गावाच्या सामाईक जमिनीत प्रत्येकाला परसाचा एक तुकडा राखून ठेवावा, तशी ही व्यवस्था आहे. सार्वजनिक भाषा आणि खाजगी बोली यांच्यात याहून समंजस तडजोड क्वचितच आढळेल.

मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मात्र एक अडचण उरते. ईमॅक्समधील मूळ संकेत इंग्रजी शब्दांवर बेतलेले आहेत : पुढे जाण्यासाठी 'फॉरवर्ड'चा एफ, मागे येण्यासाठी 'बॅकवर्ड'चा बी. संगणकाचा कळफलकच देवनागरी केला, तर कंट्रोलसोबत येणारे अक्षर बदलते आणि पुष्कळ आज्ञा मुक्या होतात. जपानमध्ये केनिची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुभाषिक ईमॅक्सचे जे काम केले, ते 1997 च्या विसाव्या आवृत्तीत मुख्य प्रवाहात आले. त्या पायावर देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट आणि आयट्रान्स या लेखनपद्धती संपादकातच उपलब्ध झाल्या. अक्षरे देवनागरी उमटतात आणि आज्ञा जागच्या जागी राहतात. पण याचा अर्थ, मजकूर मराठी झाला तरी आज्ञेची भाषा इंग्रजीच राहिली. 'पुढे'चा प आणि 'मागे'चा म घेऊन मराठी आज्ञासंच रचण्यास तांत्रिक अडथळा नाही; राखीव परस मोकळाच आहे.

मराठीत 'वळण' हा शब्द हस्ताक्षरालाही लावतात आणि संस्कारालाही. कळफलकावरच्या हाताचे वळण आपण बहुधा आयते स्वीकारतो. बिल जॉय यांच्या 'व्हीआय' संपादकात एच, जे, के, एल या कळांनी हालचाल होते, ती केवळ त्यांच्या एडीएम-3ए या यंत्रावर त्याच कळांवर बाण छापलेले होते म्हणून. ते यंत्र मागे पडले, वळण टिकले. परंपरा म्हणून आपण जे शिकवतो त्यात असे छापील बाण किती असतील, हे तपासण्याची सवय साहित्याच्या वर्गातही लागावी.